कार्मेन माता वाकली तो रविवार

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. होड्यांच्या इंजिनांचे, पाण्यात फिरणारे पंखे सरळ करायचा माझा धंदा. वाकडा पंखा घेऊन माणूस येतो आणि तोंड वर करून सांगतो, "काय झालं कळलंच नाही गं नेरेइदा, उभ्या होडीत वाकला." उभ्या होडीत पंखा वाकत नाही. तो खडकावर आपटतो, नाहीतर कुणाच्या तरी नांगराच्या साखळीत अडकतो, आणि बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या हातात बिअर असते. तीस वर्षं हेच ऐकल्यावर माणसाचा शब्द खरा वाटायचा बंद होतो.

त्यामुळे मंगळवारी सकाळी विहीणबाई मेलेली सापडली तेव्हा मी आधी रडले आणि लगेच धक्क्यावरच्या होड्यांकडे बघायला लागले.

विहीणबाई म्हणजे आमच्या खाडीतली मनाती. मोठं, राखाडी, गवत खाणारं जनावर, बैलापेक्षा जड आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या शेपटीला उजवीकडे खाच होती, म्हणून ओळखायला सोपी. माझ्या शेडपुढं होड्या धुवायची नळी आहे, तिचं गोडं पाणी प्यायला ती यायची. नळी ओठांत धरून डोळे मिटून अर्धा अर्धा तास प्यायची, आणि मी नळ बंद केला की नाकातून फुस्स करून माझ्या अंगावर पाणी उडवायची. सासरच्या माणसासारखी हक्कानं यायची, म्हणून गावानं तिला हे नाव दिलेलं. आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष कासिमिरो खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला होता, त्याला ती खारफुटीच्या मुळांत अडकलेली दिसली. पोट वर आणि फुगलेलं.

"कुठल्या तरी हलकटानं उडवलं," कासिमिरो म्हणाला.

"कुठल्या तरी नाही," मी म्हटलं. "निळ्या पोटाच्या."

धक्क्यावर टोकाला डॉक्टर इरिसारींची होडी बांधलेली होती. वरून पांढरीशुभ्र, खाली निळी, मागं दोन इंजिनं. हा माणूस पोन्से शहरातला दातांचा डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी सोसायटीनं त्याला आमच्या धक्क्यावर जागा दिली तेव्हाच मी विरोध केला होता. शनिवारी यायचा, सगळ्यांना नावानं हाक मारायचा, बेकरीतून पेरूचे पॅटिस आणायचा. मोन्से मावशीच्या गुडघ्याची चौकशी करायचा. दात उपटणारा माणूस इतका गोड कसा, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता.

आणि गावाचा मूड तोपर्यंत काय छान होता. आदल्या रविवारी कार्मेन मातेची समुद्रातली मिरवणूक झालेली. माझे बाबा, तेयो, एकतीस वर्षं मातेची होडी चालवतात. लाकडी, जुनी, हिरवी होडी, इंजिन पोटात. त्या दिवशी मूर्ती, फुलं, बँडवाले आणि अडतीस भाविक तिच्यावर चढलेले, पाणी काठाला टेकलेलं. दरवर्षीप्रमाणं सगळ्या बेटावरून लोक होड्या घेऊन मजा मारायला आलेले. खोल वाटेत नांगर टाकून, एकमेकांना होड्या बांधून, गाण्यांचा ढणढणाट चाललेला. देवी येतेय म्हणून एकानंही नांगर उचलला नाही. शेवटी बाबांनी होडी आतल्या उथळ बाजूनं, गवताच्या पट्ट्यावरून काढली. आणि देवळासमोर आल्यावर माता वाकली.

मी स्वतः धक्क्यावरून पाहिलं. पुरुषभर उंचीची मूर्ती, कमरेला दोरानं बांधलेली. ती पाण्याकडे झुकली, मुकुट पुढं आला, आणि पुन्हा सरळ उभी राहिली. बँड थांबला. मग सगळं गाव एकदम रडायला लागलं. पाच वर्षं जिना न चढलेली मोन्से मावशी होडीतच गुडघे टेकून बसली आणि कुणाचा हात न धरता उठली. सोमवारी पाद्रीबाबांकडे लोक रांगेनं हकिगत सांगायला गेले. होडीवरची फुलं तासाभरात संपली. मीही एक शेवंती पाकिटात ठेवली. देवाच्या बाबतीत मी संशय घेत नाही.

तर मंगळवारी दुपारी, रागाच्या भरात, सोसायटीची चिटणीस या नात्यानं मी पत्र लिहिलं. वन्यजीव सांभाळणाऱ्या रेंजरच्या कचेरीला. डॉक्टर इरिसारी यांनी बेदरकारपणे होडी चालवून संरक्षित जनावर मारलं, असा आमचा ठाम विश्वास आहे, त्यांच्यावर कारवाई व्हावी, आम्ही त्यांची धक्क्यावरची जागा काढून घेत आहोत. गुरुवारी सभा, मतदान, मग सही. बाबा माझ्या टेबलासमोर बसून कॉफी पीत होते. मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

"फार कडक नाही का?" ते म्हणाले.

"मोठा माणूस आहे बाबा. त्याला दुसरा धक्का मिळेल. विहीणबाई कुठून मिळणार?"

बाबांनी कप खाली ठेवला आणि उन्हात निघून गेले.

त्याच संध्याकाळी माझ्या शेडमधला होडीच्या तळाला लावायचा निळ्या रंगाचा डबा नाहीसा झाल्याचं माझ्या लक्षात आलं. शेजारचा राफा आधीही माझा पाना घेऊन गेलेला, त्यामुळे मी त्याच्या दारात उभी राहून त्याचा उद्धार केला. तो आईची शपथ घेत होता. शपथ घेणाऱ्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही.

बुधवारी सकाळी रेंजर यादिरा आली. पोरगी हुशार आहे, पण कागदाशिवाय बोलत नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी विहीणबाईला कापून पाहिलं होतं.

"रविवारी गेली ती," यादिरा कागदात बघत म्हणाली. "डाव्या बाजूच्या सात बरगड्या मोडल्यात. अंगावर पंख्याचा एकही घाव नाही. वरून काहीतरी जड आलं आणि तिला खालच्या वाळूवर दाबलं. कातडीच्या सुरकुतीत रंगाची खपली मिळाली. निळी."

"बघ," मी म्हटलं. "निळी."

"निळ्या तळाच्या होड्या किती आहेत इथं?"

"एक," मी म्हटलं, आणि तिनं ते लिहून घेतलं.

ती गेली आणि तासाभरात डॉक्टर स्वतःच आला. बुधवारी. दवाखाना बंद ठेवून.

"नेरेइदाताई, लोक काय बोलताहेत ते कानावर आलंय," तो म्हणाला. "माझी होडी वर काढा आणि तळ बघा. तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणी नको."

आता निरपराध माणूस असं कशाला करेल? मी मनात म्हटलं, हा धुऊन-पुसून आलाय. पण होडी उचलायच्या पट्ट्यांत अडकवून वर घेतली, बॅटरी लावली आणि खाली शिरले.

होडी दोन-तीन महिने पाण्यात राहिली की तळावर शेवाळाचा पातळ बुळबुळीत थर बसतो. बोटानं ओढलं तरी रेघ उठते. कशालाही घासलं तर तिथला थर जातो आणि तो चार दिवसांत परत येत नाही, महिना लागतो. हे शास्त्र कुणी मला शिकवलेलं नाही. पाठीवर पडून पडून आलंय. डॉक्टरच्या होडीचा थर टोकापासून शेवटपर्यंत अखंड होता. मी नखानं तपासला. उलट मागचे दोन पंखे सगळ्यात खाली लोंबत होते. ही होडी विहीणबाईवरून गेली असती तर तिच्या पाठीची चाळण झाली असती.

मी बाहेर आले तेव्हा मला फार राग आलेला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"रविवारी तुम्ही कुठं होता?" मी विचारलं.

"मिरवणुकीत. तुमच्या वडिलांच्या अगदी मागं."

"मग काय पाहिलंत?"

"सगळ्यांनी पाहिलं तेच. माता वाकली." तो हातातली टोपी फिरवत राहिला. "आणि मागं पाणी गढूळ झालं. खूप गढूळ. वाटलं होडी तळाला लागली असेल."

"बाबांची होडी तळाला लागत नाही."

"नाही लागत," तो म्हणाला. "म्हणून मी काही बोललो नाही."

तो गेला. मी नळीजवळ बसले. यादिराला मी 'एक' म्हणाले होते. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. मला खरोखरच आठवलं नव्हतं. बाबांची होडी हिरवी, असं सगळं गाव म्हणतं, मीही म्हणते. पाण्याखालचा भाग कुणाला दिसत नाही. तो गेल्या नोव्हेंबरात मीच रंगवला होता, डॉक्टरच्या होडीला लावून उरलेल्या निळ्यानं.

बाबांचं घर खाडीच्या आतल्या अंगाला आहे. मी गेले तेव्हा होडी ओंडक्यांवर चढवून वाळूत उभी होती आणि बाबा तिच्याखाली गुडघ्यांवर बसून ब्रश मारत होते. वादळांचा मोसम संपल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी होडी वर काढलेली नाही. पायाशी माझा डबा.

"हा माझ्या शेडमधला," मी म्हटलं.

"विचारणार होतो तुला."

"मी राफाच्या दारात जाऊन बोंब मारली."

"राफाला सवय आहे तुझी."

"बाजूला व्हा बाबा."

ते हलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले आणि तळाच्या मधोमध जाणाऱ्या जाड लाकडी कण्यावर बोट फिरवलं. बोट निळं झालं. पुढच्या बाजूला, हातभर लांबीत, ओल्या रंगाखाली लाकूड उघडं पडल्याचं हाताला लागत होतं. त्या होडीचा पंखा या जाड कण्याच्या मागं लपलेला असतो, तो कुणाला कापत नाही. आणि अडतीस माणसं चढल्यावर हा कणा किती खाली गेला असेल, ते सांगायला मला कागद-पेन्सिल लागत नाही.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

बाबांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "सुकाणूला कळलं. वाळू लागली तर होडी खरवडते, आवाज होतो. हे मऊ होतं." "मी इंजिन बंद केलं. पण एवढ्या ओझ्याची होडी थांबते कुठं. खाली ती, आणि वर आम्ही सगळे."

"मग सांगितलं का नाही?"

"वळून बघितलं तर सगळे रडत होते. आनंदानं गं. मोन्से उठून उभी राहिली होती. त्यांना काय सांगू? माता वाकली नाही, धक्का बसला म्हणून?"

"नंतर सांगायचं."

"नंतर सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी सुकाणू माझ्या हातात देतील?" ते माझ्याकडे बघत नव्हते. "तुझी आई गेल्यापासून वर्षात हा एकच दिवस आहे मला, पोरी. बाकीचे मी नुसते मोजतो."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि तो डबा त्यांच्या डोक्यात घालावासाही वाटला.

"आणि डॉक्टर?"

"मोठा माणूस आहे," बाबा म्हणाले. "त्याला दुसरा धक्का मिळेल."

माझेच शब्द होते. माझ्या तोंडून निघाले तेव्हा ते मला न्यायाचे वाटले होते.

गुरुवारी सभेला पंचवीस सभासद आले. डॉक्टरला मत नव्हतं, तरी तो आला आणि मागच्या बाकावर बसला. कासिमिरोनं माझं पत्र वाचून दाखवलं. पत्र चांगलं झालं होतं, हेच दुर्दैव. मग मी उभी राहिले आणि सांगितलं: शेवाळाचा थर, पंखे, बरगड्या, हिरव्या होडीचं निळं पोट. बाबांचं नावही घेतलं.

कासिमिरोनं पत्राची घडी घातली.

"डॉक्टरशी काय ठरलं गं?" मागून राफा म्हणाला. "वरची कवळी की खालची? का दोन्ही?"

हशा पिकला. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीही हेच बोलले असते, किंबहुना आणखी झोंबणारं.

"बापाचं नाव घेतेस?" कासिमिरो म्हणाला. "मंगळवारी तूच आम्हाला पेटवलंस, आणि बुधवारी ह्याची होडी तुझ्या पट्ट्यांत चढली. आम्ही काय दूधखुळे आहोत?"

मग बाबा उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. "ती खरं बोलतेय," ते म्हणाले. "माझ्याच होडीखाली आली. मला हाताला कळलं."

आता कुणी हसलं नाही. सगळे मोन्से मावशीकडे बघायला लागले, का कोण जाणे. मावशी हळूच उभी राहिली, कुणाचा आधार न घेता.

"तेयो," ती म्हणाली, "तू सुकाणू धरलं होतंस, तुझं लक्ष पुढं. मूर्तीजवळ मी होते. मातेला ती पाण्यात दिसली. आधीच कुणीतरी मारून टाकलेली. बिचारीला बघायला माता वाकली. तुझी होडी लागली असेल तर मेलेल्या अंगाला लागली." मग ती मागं वळून डॉक्टरकडे बघून म्हणाली, "ज्यानं मारलं त्याला माहीत आहे."

आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी ते घडताना पाहिलं. एका वाक्यात माता वाचली, गुडघा वाचला, बाबा वाचले. फक्त डॉक्टर बुडाला, आणि त्याच्या नावाचं पत्र तयारच होतं.

"तू लेकीला सांभाळून घेतोयस, कळतंय आम्हाला," कासिमिरो बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "बस आता."

मत घेतलं. तेवीस हात वर गेले. दोन खाली राहिले, माझा आणि बाबांचा.

बाहेर डॉक्टर होडीचे दोर सोडत होता. मी जाऊन दुसऱ्या टोकाचा दोर सोडला.

"माफ करा," मी म्हटलं. "पण तुम्ही गढूळ पाण्याचं मंगळवारीच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही काय केलं असतं?"

मी खरं तेच सांगितलं. "पत्रात आणखी एक ओळ घातली असती."

त्यानं मान हलवली आणि इंजिन सुरू केलं. खाडीचं तोंड येईपर्यंत तो इतक्या सावकाश गेला की लाटसुद्धा उठली नाही.

शुक्रवारी सकाळी बाबा माझ्या दारात उभे होते. दाढी केलेली, मिरवणुकीचा पांढरा शर्ट घातलेला. "चल," म्हणाले. आम्ही रेंजरच्या कचेरीत गेलो.

यादिराच्या टेबलावर माझं पत्र आधीच पोचलं होतं. कासिमिरोनं उजाडायच्या आत नेऊन दिलेलं, तेवीस सह्यांसकट. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पत्र माझ्यापुढं सरकवलं.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं."

"निळ्या तळाची होडी एकच आहे, हे बुधवारी मला कुणी सांगितलं?"

"मीच."

"आणि आता?"

"आता खरं सांगतेय."

"तेव्हाही तुमचा 'ठाम विश्वास' होता," ती म्हणाली. कुजकटपणानं नाही, नुसतं कागदावर होतं ते वाचलं. "यातलं कुठलं धरू मी?"

आयुष्यभर मी लोकांना याच प्रश्नावर अडवत आलेय आणि त्यांची त-त-प-प बघत आलेय.

बाबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "तिचं राहू द्या बाई. तिनं काही पाहिलेलं नाही. मला विचारा, सुकाणू माझ्या हातात होतं."

यादिरानं नवा कागद घेतला. बाबा अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले: किती माणसं चढली, कुठल्या बाजूनं वारा होता, खोल वाट कुणी अडवली होती, गवतावर पाणी किती होतं. ती लिहीत होती. देवळासमोर आल्यावर ते थांबले. तिनं लिहिणं थांबवून वर पाहिलं.

"इथं माता वाकली, असं सगळे म्हणतात," ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. त्यांचे हात टेबलावर होते, नखांत अजून निळा रंग.

"नाही वाकली," ते म्हणाले. "धक्का बसला. लिहा."